भाऊ म्हणता, भाव लावता

हासी तल्हा, २८ ऑक्टोबर १९७४

इस्सेलमू,

सलाम. तू, तुझी बायको, मुलं सुखरूप असाल. आम्हीही अल्लाच्या कृपेने बरे आहोत.

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. आई मागे लागली म्हणून लिहायला बसले. तिला आता समोर माणूस आला तर सावली हलल्यासारखी दिसते, चेहरा दिसत नाही. तंबूशी जरा चाहूल लागली की विचारते, "इस्सेलमू आला का?" मी म्हणते, "बकरी आहे." त्यावर ती म्हणते, "बकरी बरी. संध्याकाळी घरी तरी येते."

तू गेलास त्या दिवशी मी विहिरीवर सगळ्या पडावासमोर काय बोलले ते तू विसरला नसशील. 'विद्वानाच्या पोटी जन्मून तेलवाल्यांच्या दारात ताट धरायला निघाला' असं म्हणाले होते, आणि तुला दुधाचा पेलाही न देता जाऊ दिलं होतं. त्या विषयावर आज काही लिहीत नाही.

इकडे यंदा थोडा पाऊस झाला. गवत उगवलंय, पण खाणारी जनावरं कुठे राहिलीत? सहा वर्षांच्या दुष्काळात बाबांच्या उंटांपैकी एक म्हातारी उंटीण तेवढी उरली. जुन्या विहिरींचं पाणी खारट झालंय, म्हणून आणखी दोन कुळांचे लोक आपल्या बोअरभोवती येऊन राहिलेत. गर्दी आहे. पंप चालतो, एक दिवसाआड, तासभर. गेल्या वर्षी तेल महागलं तेव्हापासून डिझेलचं एक पिंप पूर्वीच्या चार पिंपांच्या किमतीला पडतं. सरकारी ट्रक उन्हाळ्यात आला तो शेवटचा. पण भागतं आमचं.

रेडिओ ऐकतो. आपला मॉरिटानिया अरब देशांच्या संघात गेल्यापासून रोज कोणत्या ना कोणत्या भाऊबंद देशाने काहीतरी दिलेलं असतं. ते सगळं राजधानीपर्यंत येतं. नुआकशोतपासून इथपर्यंत रस्ता नाही, म्हणून तिथेच थांबत असावं.

इथला सरकारी अंमलदार, आपला हाकीम, म्हणत होता की तुमच्या अमिरातीतले कोणी शेख मुतलक हिवाळ्यात ससाणे घेऊन आपल्या माळावर हुबारा पक्ष्यांच्या शिकारीला येणार आहेत. तू ज्यांची मुलं शिकवतोस, ते हेच का? सहज विचारलं.

आम्हाला काही कमी नाही.

तेकबेर

हासी तल्हा, ६ डिसेंबर

इस्सेलमू,

तुझं पत्र हाकिमाच्या गाडीतून आलं. चहाचा डबा आणि शालही पोचली. शाल आईने नाकाला लावली ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही. चहा मी पडावात वाटून टाकला, घरात ठेवला नाही. तुला राग यावा म्हणून हे लिहीत नाही. थोडा आला तर चालेल.

तू लिहितोस की हे तेच शेख. त्यांचं सगळं त्यांच्या कारभाऱ्याच्या, राशदानच्या, हातात असतं. नुसतं मागणाऱ्यांची तिथे रीघ असते, त्यांना बसायलाही कोणी सांगत नाही. पण शेखांना कवितेचा नाद आहे, लिमामने त्यांच्या स्तुतीत चार ओळी म्हटल्या तर कामं होतील.

वाचून मी पत्र चुरगाळलं. मग मांडीवर घेऊन पुन्हा सरळ केलं. का ते सांगते. 'काही कमी नाही' हे मी खोटं लिहिलं होतं. उन्हाळ्यानंतरचं डिझेल आम्ही विकत घेतलंय. बायकांच्या अंगावरची चांदी त्यात गेली. माझे तोडे पहिले गेले, आईचे गेल्या महिन्यात. तिला सांगितलेलं नाही. हात चाचपून ती म्हणते, "मनगटं बारीक झाली म्हणून काढून ठेवलेस ना?" मी हो म्हणते. आता दोन पिंपं आहेत.

लिमामला पत्र वाचून दाखवलं. तो चुलतभाऊ असताना जसा होता तसाच नवरा झाल्यावरही आहे, तुला वेगळं सांगायला नको. आपण तिघांनी एकाच फळीवर अक्षरं गिरवली. फळी पुसायची पाळी त्याची असली की तो हमखास नमाजाला निघायचा. तसाच उठायला लागला. मी अंगाभोवतीच्या मेलहफ्याचं टोक त्याच्या पायावर टाकून त्यावर बसले.

"भाटांना बोलाव," म्हणाला. "स्तुती करणं त्यांचं काम."

"भाट राहिलेत कुठे? दुष्काळात शहरात गेले. लग्नात वाजवतात."

"तेकबेर, मी जिवंत माणसाची स्तुती केलेली नाही. माझ्या बापाने केली नाही, आजाने केली नाही. पैगंबरांची केली. मेलेल्यांची केली."

"आणि उंटिणीची केलीस."

"तिने दूध दिलं होतं."

"हे डिझेल देतील."

तो हसला. खूप दिवसांनी हसला. मग पाय सोडवून घेतला आणि बाहेर गेला, तो जेवायलाही आला नाही.

तेकबेर

हासी तल्हा, १७ डिसेंबर

इस्सेलमू,

शेख आले. चाळीस गाड्या. एका गाडीत नुसता बर्फ, एकीत ससाणे, आणि तिच्यात माणसांच्या तंबूपेक्षा जास्त गारवा. डिझेलचा टँकर तर आपल्या मशिदीएवढा. जवळच त्यांनी तळ ठोकला. पोरं दिवसभर तिकडे असतात, टायर बघतात.

आता घडलं ते सांगते. तिसऱ्या दिवशी राशदान आपल्याकडे आला. गोड बोलतो, बोलताना छातीवर हात ठेवतो. म्हणाला, "ताई, आमचं पाणी संपत आलंय. तुमच्या बोअरवर टँकर भरून घेऊ का? काय घ्यायचं ते सांगा, देऊन टाकू."

लिमाम जनावरांकडे गेला होता. पंपवाला मसूद माझ्या तोंडाकडे बघत होता. सगळ्या बायका बघत होत्या. आणि मी काय बोलले असेन? "पाण्याचं काय घ्यायचं? तुमच्याकडे घेतात वाटतं पाहुण्यांकडून?"

बायकांनी आनंदाने आरोळी दिली. राशदानने पुन्हा छातीवर हात ठेवला. मसूद माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, एवढा टँकर भरायला आपली दोन्ही पिंपं जातील."

"जाऊ देत."

दुपार उलटेपर्यंत पंप चालला. इतका वेळ पाणी वाहू शकतं हे इथल्या लहान पोरांना माहीतच नव्हतं. नळीतून सांडलेल्या चिखलात ती लोळली. इस्सेलमू, मला त्या वेळी किती सुख झालं ते तुला लिहायला लाज वाटते, पण झालं. त्यांच्या टँकरमध्ये आमचं पाणी पडत होतं आणि मी शेजारी उभी होते, कमरेवर हात ठेवून, बाबा उभे राहायचे तशी. त्यांच्या डिझेलचा टँकर तिथून हाकेच्या अंतरावर होता. राशदानने विचारलं तेव्हाच म्हटलं असतं की पाणी घ्या आणि आमच्या पंपापुरतं डिझेल घाला, तर ना त्याला जड होतं ना मला खाली बघायला लागलं असतं. सरळ व्यवहार झाला असता. तो करण्याइतकीही मी लहान व्हायला तयार नव्हते.

नंतर चहाला बसले सगळे. हादमीन काकांनी तोंड उघडलं. त्यांना ऐंशीव्या वर्षी कोण अडवणार? म्हणाले, "भाऊ भाऊ म्हणता, मग आम्हाला भाव परक्याचा का लावता रे? फ्रान्सवाल्याला तेल ज्या भावाने, त्याच भावाने आम्हाला?"

राशदान म्हणाला, "काका, भाव बाजाराचा असतो आणि मदत घरची असते. आधी भावाने घ्या, मग मदत मागा."

"म्हणजे उजव्या हाताने खिसा कापायचा आणि डाव्या हाताने खैरात वाटायची."

राशदानने पेला खाली ठेवला. त्याचा गोडवा गेला. "काका, माझा बाप मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचा. कानातून रक्त यायचं त्याच्या. आम्ही खजूर आणि सुकी मासळी खाऊन दिवस काढले. तेव्हा तुमच्याकडचा एक विद्वान आमच्या पोरांना अक्षर शिकवायला आला नाही. आता दारात रोज बारा देश उभे असतात, आणि प्रत्येकाला आठवतं, की आपण भाऊ."

तोही खोटं बोलत नव्हता. मला तू आठवलास.

ते गेले. संध्याकाळी मुनीना आली, आपल्या शेजारची. तिची धाकटी जुन्या विहिरीचं खारट पाणी पिऊन चार दिवस पोट धरून पडली आहे. मुनीना भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तेकबेर, तुझा मान राहिला. आता माझ्या पोरीने काय प्यायचं ते सांग."

ईदेच्या दिवशी शेखांच्या तंबूत आपल्याला मेजवानी आहे. लिमामला मी सांगितलंय की कविता म्हणावी लागेल. पिंपं मी रिकामी केली, हे त्याला माहीत आहे. कवितेला हो म्हणाला. म्हणजे, नाही म्हणाला नाही.

तू राशदानला आधी दोन ओळी लिहिशील का? हे पत्र वेळेवर पोचणार नाही, कळतं मला. तरी लिहिते आहे.

तेकबेर

हासी तल्हा, २७ डिसेंबर

प्रिय इस्सेलमू,

ईद मुबारक. काम झालं. लिमामने कविता म्हटली, शेख प्रसन्न झाले. वीस पिंपं डिझेल दिलं, शिवाय लिमामला सोन्याचं घड्याळ. पंप आता रोज चालतो. मुनीनाची पोरगी उठून बसली आहे. फोटोबिटोही काढले. तुझा सल्ला कामी आला म्हणायचा. सगळं नीट पार पडलं.

लिमामचा घसा बसलाय, म्हणून त्याचा वेगळा सलाम लिहीत नाही.

तुझी बहीण,
तेकबेर

हासी तल्हा, ९ फेब्रुवारी १९७५

इस्सेलमू,

तुझं पत्र पाच दिवस उशाखाली होतं. आज उत्तर लिहिते.

तू लिहितोस की तिकडच्या बैठकांमध्ये एक गोष्ट फिरते आहे. वाळवंटातला कोणी विद्वान शेखांसमोर कविता म्हणतो. शेख म्हणतात, माग. विद्वान म्हणतो, काही नको. एवढ्यात पडद्यामागून एक बाई किंचाळते, 'डिझेल!' राशदान बायकी आवाज काढून ती नक्कल करतो, आणि ताटावर बसलेले लोक हसून लोळतात. तूही हसलास. मग त्याने गावाचं नाव घेतलं. पुढे तू एवढंच विचारलंस, 'ती बाई कोण होती?'

ती मीच.

आता सगळं सांगते, मधलं गाळत नाही.

शेखांच्या तंबूत आत जाताना बघितलं तर मधे कापड टांगलेलं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. त्यांची रीत. आपल्या तंबूंमध्ये असं कापड मी जन्मात पाहिलं नव्हतं. मुनीना म्हणाली, "पलीकडे कोणाची बाळंतीण आहे का?" आम्ही हसलो. मग भाताच्या पराती आल्या, प्रत्येकीवर अख्खा बकरा. आमच्या बायका खात होत्या आणि प्रत्येकीचा एक हात मेलहफ्याखाली होता, घरच्यांसाठी मांस लपवत होत्या. मीही. आईसाठी.

जेवणं झाल्यावर राशदानने लिमामचं नाव पुकारलं. कापडाची वीण विरळ होती, मला तो उभा राहिलेला दिसत होता. लग्नातला निळा अंगरखा घातला होता. आवाज छान लागला. तुला माहीत आहे, पहिल्या दोन ओळींत तो समोरच्याला गप्प करतो. ढग पश्चिमेकडून उठतो, तहानलेल्या उंटिणी माना वर करतात, आजी तंबूच्या दोऱ्या ताणते. आणि शेवटी, 'हे शेख मुतलक, तू आलास.' ऐकणारे वाहवा करत होते. मी मनात म्हणत होते, झालं, सुटलो.

संपल्यावर शेख जरा पुढे झुकले. म्हातारा माणूस, एक डोळा पांढरा पडलेला. मग म्हणाले, "सुंदर आहे. पण ही कविता माझ्यावर नाही. पावसावर आहे. पावसाच्या जागी माझं नाव घातलंत, त्या दोन ठिकाणी वृत्त अडखळतं."



ते रागावले नव्हते, इस्सेलमू. हसून म्हणाले, "पाऊस तर माझ्या हातात नाही. जे हातात आहे ते मागा."

इथे लिमामने एक शब्द बोलायचा होता. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "आपण आलात यात सगळं आलं. आम्हाला काही नको."

काही नको! मी माझ्या पहिल्या पत्रात तुला हेच लिहिलं होतं ना? दोघांनी एकाच फळीवर गिरवलेलं. पण मला त्या वेळी ते आठवलं नाही. मला मुनीनाची पोरगी दिसत होती, आणि शेख मान डोलावून दुसरीकडे वळताना दिसत होते. आता दुसऱ्या कोणाचं नाव पुकारतील आणि संपलं. मी बसल्या जागेवरून ओरडले, "डिझेल! डिझेल हवंय आम्हाला! पंपाला डिझेल नाही!"

राशदान म्हणतो तशी मी किंचाळले नसेन. पण किंचाळले असेनही.

पहिला हसला तो राशदान. मग त्यांचे ड्रायव्हर, ससाणेवाले, हाकीम. मग आपले लोकही, पाहुणे हसतायत म्हणून. शेख हसले नाहीत. त्यांनी हात वर केला, सगळे थांबले. कापडाकडे बघून त्यांनी लिमामला विचारलं, "ही कोण?"

लिमाम म्हणाला, "माहीत नाही. असेल कोणीतरी बाई."

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पलीकडे सगळ्यांना माहीत होतं, हाकिमाला, हादमीन काकांना. कोणी काही बोललं नाही. मुनीनाने कापडाच्या या बाजूला माझा हात धरला. मांस लपवलेला हात, तुपाने बरबटलेला.

मी त्याला दोष देत नाही. त्याची कविता मी विकायला लावली, आणि तिचा भावही मीच ओरडून सांगितला. त्या क्षणी मी त्याची कोणी नाही असं म्हणायचा हक्क त्याला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपं उतरवली. प्रत्येक पिंपावर तुमच्या अमिरातीचा झेंडा चिकटवलेला. फोटोवाल्याने पोरांना ओळीत उभं केलं. पोरं धुतलेली होती, तर त्याने विचारलं, "जरा तहानलेली दिसतील अशी नाहीत का?" लिमामला पिंपावर हात ठेवून उभं केलं, दुसऱ्या मनगटावर घड्याळ. "हसा, उस्ताद," राशदान म्हणाला. तो हसला. तो फोटो तुमच्या वर्तमानपत्रात आला असेल तर मला पाठवू नकोस.

वीस पिंपं लिहिली होती ना मी? आठ राहिली. बारा हाकीम घेऊन गेला, सरकारी वाटपासाठी म्हणे. घड्याळही घेऊन गेला, सुरक्षित ठेवतो म्हणाला. शेखांनी इमानदारीने वीस दिली होती, त्यांच्या माथी खोटं मारायचं नाही.

पाणी रोज येतं, एवढं मात्र खरं. मुनीना एके दिवशी माझा हात कपाळाला लावायला आली. मी हात काढून घेतला, तर तिला वाईट वाटलं.

तुला मी विहिरीवरून ज्या शब्दांत घालवलं, ते शब्द परवा त्याच विहिरीवर, त्याच बायकांसमोर मी परत घेतले. "इस्सेलमूला मी बोलले ते चुकीचं होतं," म्हणाले. एकीने विचारलं, "कधी बोलली होतीस?" तिला आठवतही नव्हतं. आपल्या दोघांची चार वर्षं गेली.

तू हसलास हे लपवलं नाहीस, बरं केलंस. ताटावर सगळे हसत असताना एकट्याने गप्प बसायला काय लागतं ते मला कळतं आता. ती हिंमत तू दाखवली असतीस, तर नोकरीही गेली असती. खा तिथे. पोटभर खा.

तेकबेर

हासी तल्हा, ३० मार्च

बाळा इस्सेलमू,

हे पत्र घाईत लिहिते, हाकिमाची गाडी उभी आहे. लिमाम तुमच्याकडे येतो आहे.

शेखांचं पत्र आलं. त्यांनी तिथे नवी पाठशाळा काढली आहे, व्याकरण शिकवायला माणूस हवा. सोबत विमानाचं तिकीट. पत्र चांगलं आहे, मान देऊन लिहिलंय. त्या दिवसाचा उल्लेख नाही. तो म्हातारा माणूस वाईट नाही, इस्सेलमू, म्हणूनच मला त्यांचा राग करता येत नाही आणि त्यामुळे जास्तच त्रास होतो.

मला वाटलं लिमाम पत्र फाडेल. त्याने घडी घालून अंगरख्यात ठेवलं.

ईदेनंतर तो माझ्याशी वाईट वागला असं नाही. आईला हात धरून बाहेर नेतो, मी वाढलेलं जेवतो. पण शिकवणं बंद केलं. पोरं फळ्या घेऊन यायची, तो म्हणायचा, उद्या. एकदा पलीकडच्या कुळातली पोरं त्याला जाताना बघून 'डिझेल! डिझेल!' म्हणून ओरडली. मी दगड घेऊन धावले. तो म्हणाला, "राहू दे. मला नाही, पंपाला म्हणतायत." आणि ती म्हातारी उंटीण मेली तेव्हा त्याने तिच्यावर ओळही केली नाही. केली असती पूर्वी.

काल मी विचारलं, "खरंच जाणार?"

"हो."

"इस्सेलमू गेला तेव्हा तू त्याला काय म्हणाला होतास?"

"मी काही म्हणालो नव्हतो. तू म्हणाली होतीस."

"मग मला म्हण काहीतरी. शिवी दे."

तो चहा ओतत होता. ओतून झाल्यावर म्हणाला, "तिथे म्हणे सगळ्यांचेच हात पुढे असतात. त्यात माझा एक कोण बघणार? इथे एकटाच दिसतो."

"आणि मी?"

"तू आईला बघ. पंप बघ. मी पैसे पाठवीन."

पैसे! लिमाम हा शब्द माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी पेला उचलला आणि गरम गरम पिऊन टाकला, जीभ भाजली, ते बरंच झालं. बोलता आलं नाही.

मग आज मी त्याच्या सामानात खजूर बांधले. दुधाचा मोठा पेला भरून त्याच्या हातात दिला. सगळा पडाव बघत होता. त्याने सावकाश, शेवटपर्यंत प्यायला, पेला मला परत दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "येतो, तेकबेर." नाव घेऊन म्हणाला. आपल्यात नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. त्याने घेतलं. आता गाडीत बसलाय, पाठ माझ्याकडे आहे.

म्हणून तुला सांगते ते नीट ऐक. विमानतळावर तूच जा, ड्रायव्हर पाठवू नकोस. त्याच्या हातातली पिशवी घ्यायला जाऊ नकोस, तो देणार नाही. घरी नेल्यावर भूक आहे का असं विचारू नकोस, समोर वाढ आणि तू स्वतः जेवायला बस. त्याला बोलतं करायला बघू नकोस. ईदेचा विषय तर मुळीच काढू नकोस, आणि तुला वाईट वाटतं असंही म्हणू नकोस. पहिले काही दिवस राशदान भेटणार नाही एवढं बघ. भेटला तर तू मधे उभा राहा.

आणि शेजारीपाजारी, बैठकीत, कोणी विचारलं की हे कोण, तर सांग, माझ्या बहिणीचा नवरा. व्याकरण शिकवतो. कविता करतो असं कोणाला सांगू नकोस.

तुझी,
तेकबेर